दिवा सोडू काय, जिजाजी

आमी मूळचे इकडले नाही ताई. माया आजा तुमसरकडून आला, इहिरी खोदत खोदत आला म्हना ना, एका गावात इहीर झाली का दुसऱ्या गावचा मानूस बलवाले ये, तेथी झाली का तिसऱ्या, असं करत करत या हिंदी मुलखात, कटंगीच्या अलीकडे येऊन टेकला अन् एथीच राह्यला. तवाच्या गोष्टी काय सांगू तुमाले, ज्या इहिरी त्यानं आपल्या हातानं खोदल्या त्याच इहिरीचं पानी त्याले वरतून ओंजळीत वाढत, बालटी लावू देत नव्हते. मंग आमच्या लोकायनं बुद्धाचा धम्म घेतला, हळूहळू तेही दिवस गेले. पन धंदा इहिरीचाच राह्यला. आज्यानं खोदल्या, बाबानं गाळ काढला, अन् मायी पाळी आली तवा मोटरा आल्या होत्या, मंग मी मोटर-पंपाचा मिस्त्री झालो. शाळा सातवी, तेही हिंदीत. घरी मराठी, शाळेत हिंदी, अन् इहिरीत कोनतीच भाषा लागत नाही, तेथी कान लागते.

माया बाबा लय हुशार मानूस. इहिरीत खालतं काय पडलं हाये हे पाहाले त्याच्याजवळ एक आरसा होता, दाढीचा आरसा असते तेवढाच. सूर्य वरतं आला का आरसा असा वाकडा धरे अन् उनाचा कवडसा बरोबर पान्यावर सोडे. इतका उजेड पडे ताई का बुडातली नथ दिसे. खरंच, एका पाटलिनीची नथ त्यानं तशी पाहून काढली होती. पन आरसा उनाचा गुलाम, ढग आला का काम बंद. अन् दुसरा एक कंदील होता. उतराच्या आगुदर बाबा कंदील पेटवे, दोरीले बांधून पान्यापर्यंत सोडे, अन् इहिरीच्या काठच्या पाळीवर बसून एक बिडी पिये. पुरी बिडी. मी लहान होतो, म्हन्लं बाबा, ऊन तर पडून राह्यलं, बूड दिसून राह्यलं, कंदील कायले? तर म्हने, कंदील पानी पाहाले नाही जात रे, हवा पाहाले जाते, ज्या हवेत वात जगते त्याच हवेत मानूस जगते. जुन्या बंद इहिरीत पाला सडते, धानाचं तनस सडते, तेथी हवा खराब होते, तिले ना वास ना रंग. वात फडफडली का बाबा दोरी वर घे अन् सांगे, आज नाही. मालकानं किती बी बोलू दे, आज नाही म्हंजे नाही.

हे मले ठाऊक होतं. हे आधीच सांगून ठेवतो ताई, काहून का पुढं लोकं म्हन्ले का बिचाऱ्याले माहीत नव्हतं. मले माहीत होतं.

आता टॉर्चचं सांगतो, कोनता चांगला ते इचाराले तुमी आल्या ना. मिस्त्रीकामात आरसा पुरत नाही. मोटरचा बोल्ट पाहाचा, पाइपाच्या बुडाचा फुटवाल पाहाचा, केबल कोठी कटली ते पाहाचं, एका हातानं पायटा, म्हंजे भिंतीतली पायरी, धरला असते अन् एका हातानं पाना. पयले माया जवळ तो मोठ्या सेलचा लोखंडी टॉर्च होता, तीन सेलचा. वजनदार, अन् उजेड पिवळा, म्हाताऱ्याच्या डोळ्यावानी. मंग बाजारात ते चार्जिंगवाले आले. कटंगीच्या बाजारातून एक घेतला, डब्ब्यावर असा आकडा लिहिला होता का वाचूनच डोळे दिपन. चार महिने चालला. मंग आतली बॅटरी फुगली, ते बदलता येत नाही, फेकून द्या म्हन्ला दुकानवाला. अन् आमच्याकडे लाईटीचं काय सांगू, ज्या दिवशी काम असन त्या दिवशी हमखास जाईन, मंग चार्जिंगवाला टॉर्च म्हंजे खाली डब्बा.

तवा मी ठरवलं का आता पेन्सिल सेलवालाच घ्यायचा. पेन्सिल सेल कोनत्याही गावात किराना दुकानात भेटते, भिंतीवरच्या घडीचा सेल काढून बी काम भागते. बालाघाटले गेलो, तेथी एक बुढ्ढा दुकानदार होता, इलेक्ट्रिकच्या सामानाचा. त्याले म्हन्लं, इहिरीत उतरतो, मले असा टॉर्च पाहिजे का पान्यात पडला तरी चालू राहाले पाहिजे. त्यानं चार काढले. मी त्याच्या गोदामात अंधारात गेलो अन् चारीही टॉर्च पुरे जोरावर लावून फळीवर ठेवले अन् बसलो. तो म्हने, क्या कर रहे हो भैया? म्हन्लं, पाहून राह्यलो का कोन टिकते. काहून का तुमाले सांगतो ताई, जोरदार टॉर्च पयली दोन मिनिटं सगळेच वाघ असतात. मंग तापतात. जो बिनडोक असते तो तापत राहाते अन् आपल्या हाताले चटका देते अन् सेल पिऊन टाकते, अन् जो चांगला असते तो तापला का आपल्या मनानं उजेड कमी करते, जीव राखून चालते. चारातला एकच तसा निघाला. चार सेलचा, मुठीत मावन एवढा, काळा, मांगं दोरी घालाले भोक. तोच घेतला.

वापराचं बी शिकावं लागते. सेल साधे टाकले तर जोरावर अर्धा घंटा नाही चालत, म्हनून मी चार्जिंगचे पेन्सिल सेल घेतले, आठ, लाईट गेली तरी चार भरलेले राहातच. चारावर कांतानं, म्हंजे माया घरवालीनं, तिच्या नखपॉलिशचा लाल ठिपका लावला, चार बिनठिपक्याचे. लाल लालसंगच राहाचे, जुना नवा मिसळाचा नाही, मिसळला का कमजोर सेल बाकी तिघांले घेऊन बुडते. पावसाळ्यात काम नसलं का सेल काढून ठेवाचे, नाही तर पांढरी भुकटी फुटते अन् टॉर्च आतून खाऊन टाकते. रबराच्या रिंगले मईन्यातून एकडाव बोटभर ग्रीस, म्हंजे पानी शिरत नाही. अन् टॉर्च कधी हातात धरून उतराचं नाही, गळ्यात बांधाचा.

एवढं सगळं मी शिकलो. अन् कंदील सुटला. कसा सुटला हे मले आजपर्यंत नीट सांगता येत नाही. घासलेट बंद झालं कंट्रोलच्या, रेशनच्या दुकानात, कंदील गंजला, त्याच्या जागी मी काही दिवस डब्ब्यात दिवा लावून सोडत होतो, मंग एखाद्या दिवशी घाई झाली, नाही सोडला, काही झालं नाही. मंग दुसऱ्यांदा नाही सोडला. वरतून टॉर्च मारला का बूड असं साफ दिसे का वाटे आता अजून काय पाहाचं.

दयाराम माया साळा, कांताचा एकुलता एक भाऊ. राजेगावच्या बाजूले त्यायचं गाव. सासरा मायं लग्न झालं त्याच्या दुसऱ्याच वर्षी गेला, मंग घरात माय अन् लेक. दयाराम मलाजखंडले खदानीच्या ठेकेदाराजवळ होता काही वर्षं, तेथी काम सुटलं. त्याचं लग्न झालतं, टिकलं नाही, पोरगी आपल्या घरी निघून गेली. तवा मामी, म्हंजे मायी सासू, मले म्हन्ली, जवाई, याले तुमच्यासंग ठेवा, रिकामा बसला तर घरात कुढत राहाते. ठेवला. तीन वर्षं माया संग होता. मी उतरे, तो वरतं दोरी पकडे. दोरीवर त्याचा हात असला का मले खालतं भेव नव्हतं. बोलका नव्हता ताई, पन हसरा होता. काम सांगा, हौ जिजाजी. जेवाले चाल, हौ जिजाजी.

त्या वर्षी धानाचा रोवना झाला अन् पानी गायब झालं. पंधरा दिवस ढग येऊन राह्यले, जाऊन राह्यले, थेंब नाही. धान पिवळं पडाले लागलं. मंग ज्या इहिरी लोकायनं बोर आल्यावर सोडून देल्ल्या होत्या त्या साऱ्यांले एकदमच आठवल्या. दिवसाले तीन तीन इहिरी. त्या दिवशी दोन झाल्या होत्या अन् तिसरीवर गेलो तवा दुपारचे तीन वाजले असन. ढगाळ, हवा नाही, अंगातून पानी निथळून राह्यलं. मालक पटेल, भला मानूस, त्याची काही चूक नाही. त्यानं सांगतलं, दो साल से बंद है मिस्त्रीजी, ऊपर से टीन डाल दिया था, नीचे पुरानी मोटर फँसी है, निकाल दो तो नई डाल दूँ. टिनं सरकवले. मी वरतून टॉर्च मारला, पुऱ्या जोरावर. साफ दिसलं. पानी कमी, छातीभर. तनस पडलेलं, काळं. मोटर दिसली, दोन बोल्ट दिसले. अन् एक साप दिसला, पांढरं पोट वर करून तरंगत होता. बेंडूक एक बी नाही. कबुतर नाही. टीन काढलं तर इहिरीतून काही उडून आलं नाही. हे सगळं मी पाह्यलं ताई. टॉर्चनं काहीच लपवलं नाही मायापासून. पन मी बोल्ट मोजून राह्यलो होतो.

माया गुडघा त्या दिवशी सुजला होता, दोन इहिरी उतरून. दयाराम म्हन्ला, ही मी उतरतो. म्हन्लं ठीक हाये. त्यानं दोरी कमरेले बांधली, मी टॉर्च माया गळ्यातून काढून त्याच्या गळ्यात घातला. तो पाळीवर बसला, एक पाय आत टाकला, अन् थांबला. खालतं पाह्यलं. मंग मले म्हन्ला, दिवा सोडू काय जिजाजी आगुदर?

अन् मी म्हन्लं, टॉर्च हाये ना तुयाजवळ, दिव्याचं काय काम. उतर लवकर, पाच वाजता मले घरी जायचं हाये.

हौ जिजाजी म्हन्ला अन् उतरला.

अर्ध्यात गेला तवा मी आवाज देल्ला, दिसून राह्यलं काय? हौ म्हन्ला. खालतं एक कट्टा होता, मोटर बसवाचा, त्याच्यावर उभा राह्यला. हात पोचत नाही म्हनून त्यानं कमरेची दोरी सोडली अन् पायट्याले अडकवली. मी पाहून राह्यलो होतो, मी म्हन्लं नाही का सोडू नको. दोन-तीन मिनिटं पाना चालवल्याचा आवाज आला. मंग बंद झाला. म्हन्लं, दया? तो कट्ट्यावर बसला होता, भिंतीले टेकून, थकलेला मानूस बसते तसा. म्हन्लं, काय झालं रे, दोरी बांध, वर ये. त्यानं मान अन् गळ्यातला टॉर्च वर केला, उजेड माया तोंडावर आला, मले काहीच दिसलं नाही. मंग उजेड बाजूले गेला अन् पान्याचा आवाज आला.

मी पाय टाकलाच होता इहिरीत. पटेलाचे चार गडी होते, चौघायनं मले धरलं. एकाच्या हाताले मी चावलो, आजही त्याच्या हातावर खूण हाये, भेटला का मले दाखवते, पन रागानं नाही. ते म्हनत, तुम भी जाओगे, तुम भी जाओगे. अन् खालतं टॉर्च चालूच होता. पान्यातून उजेड येत होता ताई, हिरवा हिरवा, अन् सारी इहीर आतून उजळली होती. इतकी चांगली इहीर मी कधी पाह्यली नव्हती. त्या उजेडात तो मले दिसत होता, पालथा.

मंग डोकं जाग्यावर आलं तवा गड्यांले सांगतलं, पानी ओता वरतून, बालट्याच्या बालट्या, अन् पळसाची मोठी फांदी तोडून दोरीले बांधली अन् वर-खाली, वर-खाली, हवा हलवली. मालकाच्या घरून दिवा आनला, डब्ब्यात ठेवून सोडला. पयल्यांदा अर्ध्यातच विझला. दुसऱ्यांदा थोडा खालतं जाऊन विझला. तिसऱ्यांदा पान्यापर्यंत जळत गेला, तवा मी उतरलो. किती वेळ झाला असन, माहीत नाही. त्याले बांधला, वर पाठवला, मंग मी आलो. टॉर्च त्याच्या गळ्यातच होता. तापला नव्हता, पान्यात होता ना. चालूच होता, अजून अर्धा घंटा चालला असता. मी तो बंद केला.

दवाखान्यात नेलं, पन ते नुसतं न्यायचं म्हनून.

कागदावर लिहिलं गेलं का पाय घसरून पडला. पटेल बी तेच म्हन्ला, गडी बी तेच म्हन्ले, माया तोंडाकडे पाहून म्हन्ले असन, मायावर दया करून. मी मान हलवली. मान हलवाले काय लागते.

मंग मामीच्या घरी. मले वाटलं होतं ती मले मारन, शिव्या देईन, मायी तयारी होती. ती म्हातारी नुसती मायाजवळ येऊन बसली, माया हात हातात घेतला अन् म्हन्ली, जवाई, जाताना काही बोलला काय तो?

काय सांगू तुमाले. जाताना तो जे बोलला ते मायाच पोटात होतं. अन् मी तोंड उघडलं तर त्याच्यातून दुसरंच निघालं. म्हन्लं, हौ मामी, बोलला. म्हन्ला का बाईले सांगा, आज मी जेवाले घरीच येतो, माया वाट्याची भाजी ठेवजो म्हना. त्याच्या मायले तो बाई म्हने. मी विचार करून बोललो नाही ताई, ते आपोआप आलं, तयार होऊन आलं.

अन् ती म्हातारी त्याच्यावर जगली. जलदानाच्या, म्हंजे मेल्यामांगच्या कार्यक्रमाले जे कोनी आलं त्याले तिनं तेच सांगतलं, माया पोराले जाताना मायीच आठवन आली, भाजी ठेवजो म्हन्ला. शेजारच्या बायांले सांगे, दवाखान्यातल्या नर्सबाईले सांगे. मी गेलो का मले पुन्हा सांगाले लावे. कसं म्हन्ला जवाई, पुन्हा सांगा. अन् मी सांगे. दरवेळी थोडं जास्त. कोनती भाजी म्हन्ला? म्हन्लं, वांग्याची. कांता बाजूले बसून ऐके अन् डोळ्याले पदर लावे. माया घरात, माया जेवनात, माया झोपेत ते वांगं घुसलं होतं. मी काम सोडलं नाही, सोडून खाऊ काय, पन आता प्रत्येक इहिरीत दिवा सोडत होतो, अन् कोनी इचारलं काहून, तर सांगत होतो, बाबाची रीत हाये. खरं कारन सांगत नव्हतो. टॉर्च कांतानं पेटीत टाकून देल्ला होता, म्हने हा घरात नको. मी म्हन्लं, त्याची काय चूक हाये. ती म्हन्ली, चूक नाही, पन डोळ्यासमोर नको.

एक वर्ष गेलं, त्याच्यावर अजून एक पावसाळा झाला. मंग मामीच्या गावात, तिच्याच मोहल्ल्यातली जुनी इहीर साफ करायचं निघालं. गावातले पोट्टे, पाच-सहा झन, हौसेनं. मले खबर नव्हती, मी मामीले धान द्याले गेलतो. पाह्यलं तर इहिरीवर गर्दी, सकाळचे दहा-अकरा वाजले असन. एक पोट्टा बनेन काढून तयार, गळ्यात टॉर्च, तसाच, चार सेलचा. अन् पाळीजवळ मामी उभी. ती त्याले सांगून राह्यली होती का बापू, पायटा घट्ट पकडजो, माया दया घसरला रे, टॉर्च चांगला होता त्याच्याजवळ, उजेड होता, नुसता पाय घसरला. बाकी भेव नाही, पाय सांभाळ.

म्हन्लं, थांबा, आगुदर दिवा सोडा. पोट्टे हसले. चाचा, इतना पॉवरफुल टॉर्च है, दिया क्या करेगा? अन् मामी बी म्हन्ली, जवाई, कायले दिवा, उजेड तर हाये ना पोराजवळ.

तेच बोलनं. मायंच बोलनं तिच्या तोंडातून आलं. अन् मले दिसलं का मायं खोटं आता घरातून निघून इहिरीवर येऊन उभं राह्यलं. एका म्हातारीले जगवत होतं ते ठीक होतं, आता हे दुसऱ्याच्या पोराले खालतं पाठवून राह्यलं होतं.

मी म्हन्लं, मामी, दया घसरला नाही. खालतं हवा नव्हती. अन् त्याले समजलं होतं. उतराच्या आगुदर त्यानं मले इचारलं, दिवा सोडू काय जिजाजी. मी म्हन्लं, टॉर्च हाये, दिव्याचं काय काम. एवढंच बोलला तो जाताना. भाजीचं मी आपल्या मनानं जोडलं.

मामी मायाकडे पाहात राह्यली. मंग त्या पोट्ट्यानं आपल्या गळ्यातून टॉर्च काढला अन् कोनीतरी घरातून दिवा आनाले गेलं. डब्ब्यात ठेवून सोडला. मी पाळीवर बसलो. आता तुमाले वाटन का दिवा विझला. नाही विझला ताई. सरळ पान्यापर्यंत गेला, अन् एक बिडी होईपर्यंत मस्त जळत राह्यला, वात हलली बी नाही. हवा एकदम चांगली होती त्या इहिरीत. पोट्टे उतरले, गाळ काढला, वर आले, हसत होते. अन् मी पाळीवरून उठून पाह्यलं तर मामी तेथी नव्हती. घराचं दार आतून बंद.

त्या दिवशी मले काय वाटलं सांगू, का आज नसतं सांगतलं तरी काही बिघडलं नसतं. कोनी मेलं नसतं. म्हातारीजवळ तिचं खोटं राह्यलं असतं. पन हे मले दिवा सोडल्यावर कळलं, आगुदर कसं कळन.

कांता आपल्या मायजवळ गेली ते चार महिने आली नाही. मी एकटाच रांधून खाल्लं. न्यायले गेलो नाही, कोनत्या तोंडानं जाऊ. काम मात्र चालूच होतं, अन् आता मी लपवत नव्हतो, जेथी जाई तेथी सांगे का माया साळा असा असा गेला, मायामुळं गेला, म्हनून दिवा सोडतो. एकदोन मालक म्हन्ले, मिस्त्री, ऐसी बात मत करो, अपशकुन होता है. म्हन्लं, मंग दुसरा मिस्त्री पाहा. पटेलाकडे जाऊन बी सांगतलं, तो म्हन्ला, मुझे मालूम था मिस्त्रीजी, तुम्हारे मुँह से नहीं निकल रहा था तो हमने भी नहीं निकाला.

मंग एक दिवस मामीनंच बलावनं धाडलं. गेलो. अंगनात खाटेवर बसली होती, कांता चुलीजवळ. मले बस म्हन्ली नाही, मी आपला खालतं बसलो. मंग म्हन्ली, म्हंजे त्यानं मायं नाव घेतलंच नव्हतं काय?

म्हन्लं, नाही मामी.

म्हन्ली, दिव्याचं इचारलं त्यानं?

हौ म्हन्लं.

मंग ती म्हन्ली, हुशार होता माया पोरगा. तुमी सारे समजत होते का तो हौ जिजाजी, हौ जिजाजी करते म्हंजे भोळा हाये. त्याले कळलं होतं. तुमाले नाही कळलं.

म्हन्लं, मले बी कळत होतं मामी. मी ऐकलं नाही.

ती म्हन्ली, त्याची माफी मले नाही देता येत जवाई. जो देऊ शकत होता तो नाही आता. मी खोटं नाही बोलत तुमच्यासारकी.

बस, एवढंच. मंग कांताले म्हन्ली, याले जेवाले वाढ. मी जेवलो. उठलो नाही, पुरं ताट खाल्लं.

आता मामी आमच्याच घरी राहाते. तिकडे एकटीचं होत नाही, डोळ्याले कमी दिसते, मोतीबिंदूचं एका डोळ्याचं केलं, दुसऱ्याचं राह्यलं. कांताही आली. घरात बोलनं हाये, पन पयल्यासारकं नाही, एखादी गोष्ट निघाली का कोनीतरी गाईले पानी पाजाले उठते. टॉर्च मी पेटीतून काढला. सेल काढलेले होते म्हनून खराब झाला नव्हता. तोच वापरतो. आसपासच्या गावचे पोट्टे मले इचाराले येतात, चाचा कौनसा टॉर्च लें, मोबाईलवर फोटो दाखवतात. मी सांगतो, आकड्यावर जाऊ नका, सेल गावात भेटनारा घ्या, तापल्यावर उजेड कमी करनारा घ्या, गळ्यात बांधा. सारं सांगतो. अन् मंग सांगतो का टॉर्चले नाक नसते. त्याले हवा लागत नाही, तो कोठी बी जळते. तुमाले लागते. काही ऐकतात, काही हौ हौ म्हनून जातात. त्यायच्या मांगं मांगं कोन फिरन.

मायं वय झालं आता, साठीले आलो. गुडघे गेले. पन उतरनारा दुसरा कोनी नाही, अन् मी दुसऱ्याले उतरवत बी नाही, खरं सांगतो. दोरी वर पकडाले दोन मानसं घेतो, उतरतो मीच.

सकाळी निघालो का मामी दारात येऊन बसते. तिले पूर्न दिसत नाही, पन सायकलचा आवाज समजते. पयल्या दिवशी मी तसाच निघालतो खाली मान घालून, तर तिनं मांगून आवाज देल्ला, जवाई, असं मुक्यानं नका जात जाऊ, जाताना काही बोलून जात जा. मी थांबलो, म्हन्लं, काय बोलू? मामी म्हन्ली, काही बी, पन खरं बोला.

तवापासून रोज सांगतो, कोनत्या गावाले चाललो, कोनाची इहीर हाये, किती खोल हाये, बंद होती का चालू होती. ती सारं ऐकून घेते, हात जोडून बुद्धाचं नाव घेते. मंग मी म्हनतो, येतो मामी.

ती म्हनते, या.